सुजलेला पाय आणि बुडालेला रोज

मसुऱ्यासारख्या गावातून कोणी घोड्याच्या आरोग्याविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी पुष्कळांना अस्थानी वाटण्याचा संभव आहे. कारण भरतगड आणि भगवंतगड हे दोन किल्ले ज्या खाडीच्या दोन तीरांवर समोरासमोर उभे आहेत, त्या खाडीकाठच्या आमच्या मुलखात नांगर ओढला तो बैलांनी, माल वाहिला तो होड्या-पडावांनी, आणि घोडा हा आमच्या गोठ्यातला नित्याचा प्राणी कधीच नव्हता. तथापि घोड्याचे एक ऋण या प्रांतातील घरोघरी आहे आणि त्याचा उच्चार क्वचितच होतो. भातकापणीच्या वेळी, गवत काढताना, कातळावरचा दगड उचलताना फुरसे डसलेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात जी प्रतिविषाची लस टोचतात, ती घोड्याच्या रक्तापासून होते. विषाची अल्प मात्रा क्रमाक्रमाने वाढवीत घोड्याला टोचावयाची आणि त्याच्या रक्तात निर्माण झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढून ती माणसासाठी वापरावयाची, हे कार्य परळच्या हाफकिन संस्थेने अनेक दशके चालविले; नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही जातींवर चालणारी ती लस मिळाली म्हणून जी माणसे आज आमच्या वाड्यांतून हिंडत-फिरत आहेत, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. ज्या प्राण्याचे रक्त आपल्या नसांतून गेले, त्याच्या पायाकडे पाहण्याची फुरसत आपल्याला असावी, अशी अपेक्षा करणे अवाजवी नव्हे.

आजच्या कोकणात आणि घाटमाथ्यावर घोडा राबतो तो मुख्यतः पर्यटकांच्या व वऱ्हाड्यांच्या सेवेत. माथेरानला १८५० साली ह्यू मॅलेट या कलेक्टराने जे थंड हवेचे ठिकाण हेरले, तेथे सामान्य मोटारींना मज्जाव असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसे व सामान वाहण्याचा भार आजही बव्हंशी घोड्यांवर आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर घोडे फिरतात. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाड्या खाऱ्या पाण्यातून आणि ओल्या वाळूतून जातात. आणि लग्नसराईत मालवण-कणकवलीकडच्या गावांतूनही वरातीसाठी भाड्याचा घोडा आणण्याची हौस आता रूढ होत चालली आहे. या सर्व घोड्यांच्या बाबतीत माझे म्हणणे एकच आहे आणि ते मी आरंभीच स्पष्ट मांडतो. राबत्या घोड्याच्या शरीरात काही बिघडले, तर त्याची पहिली आणि सर्वांत स्पष्ट वर्दी बहुधा त्याच्या पायावरची सूज देते. ही वर्दी वाचण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही. परंतु ती वाचली तर त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि एक-दोन घोड्यांवर कुटुंब पोसणाऱ्या माणसाला तो बुडालेला रोज परवडत नाही म्हणून ती न वाचलेलीच राहते. ज्यांना घोड्याचा उपयोग होतो आणि जे त्याच्या कामाचा परवाना देतात, त्यांनी विश्रांतीच्या दिवसाचा भार उचलल्यावाचून या दुखण्याला उपाय नाही.

घोड्याचा पाय हा सृष्टीतील एक विलक्षण साहसी प्रयोग आहे. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. तेथे आहेत ती हाडे, त्यांना बांधणारे अस्थिबंध, वरच्या स्नायूंचे बळ खाली खुरापर्यंत पोचविणाऱ्या लांबच लांब कंडरा, आणि या सर्वांवर ताणून बसविलेली पातळ कातडी. शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. पायातले रक्त हृदयाकडे परत चढविण्याचे काम बऱ्याच अंशी खूर करतो. प्रत्येक पावलाला खूर जमिनीवर टेकला की त्याच्या आतील मऊ उशी दाबली जाते, आणि त्या दाबाने रक्त वर सारले जाते. लसिकेचा प्रवाह तर चालण्याच्या हालचालीवरच अवलंबून. म्हणजे घोडा चालता राहिला पाहिजे, ही निसर्गाची अट. आणि अति चालला, खडकाळ उतारावर अथवा कोरड्या भुसभुशीत वाळूत चालला, तर त्या निर्मांस पायातल्या कंडरा तुटतात, ही दुसरी अट. या दोन अटींच्या मधली जागा अरुंद आहे. सूज ही त्या जागेतून घोडा कोणत्या बाजूला घसरला, हे सांगणारी खूण होय.

म्हणून सूज दिसली की पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की ती एका पायाला आहे की दोन्ही पायांना. रात्रभर ठाणावर बांधलेल्या घोड्याचे मागचे दोन्ही पाय सकाळी खालच्या बाजूला सारखेच भरलेले दिसले, हात लावला असता थंड लागले, दाबले तरी घोड्याने पाय ओढून घेतला नाही, आणि थोडे चालविल्यावर ती भर उतरून गेली, तर ती उभे राहून साचलेल्या पाण्याची सूज. तिने घाबरण्याचे कारण नाही, मात्र आगाडी-पिछाडीने जखडून घोड्याला तासन् तास एका जागी उभे करण्याची आपली रीत चुकीची आहे, एवढे तिच्यापासून शिकावे. त्याचप्रमाणे खुराच्या वरच्या सांध्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाएवढ्या मऊ, थंड, न दुखणाऱ्या गाठी पुष्कळ वर्षे राबलेल्या घोड्यांना असतात. त्या श्रमाच्या खुणा होत, आणि त्या जशाच्या तशा राहिल्या तर सहसा लंगडेपणा आणीत नाहीत. कोवळ्या वयाच्या घोड्याला पुढच्या पायाच्या नळीवर आतल्या अंगाने जो टणक उंचवटा येतो, तो प्रथम दुखतो आणि विश्रांती मिळाल्यास पुढे निव्वळ हाडाची गाठ बनून निमूट राहतो. या तीनही प्रकारांत घाई नाही.

घाई आहे ती अन्यत्र. एकाच पायाला, पुढच्या नळीच्या मागच्या बाजूस, जेथे कंडरा सरळ ताणलेल्या दोरीसारखी लागावयास हवी तेथे धनुष्याप्रमाणे बाहेर वाकलेला फुगवटा दिसला आणि तो ऊन लागला, तर कंडरेचे तंतू तुटले आहेत असे समजावे. कंडरेला रक्ताचा पुरवठा अत्यल्प असतो, त्यामुळे ती सावकाश सांधते आणि सांधल्यावरही मूळची लवचीकता तिला पूर्णपणे येत नाही. अशा घोड्याला कामावर परतण्यास नऊ महिने ते वर्ष लागते, आणि पहिल्या दिवशी त्याला आणखी एक खेप करावयास लावली तर ते वर्षही पुरत नाही. या दुखण्यात फसगत अशी होते की थोडे चालल्यावर घोड्याचा लंगडेपणा कमी झाल्यासारखा भासतो, सूजही किंचित कमी दिसते, आणि मालकाचे मन त्या भासावर विश्वास ठेवण्यास उत्सुकच असते.

एकच मागचा पाय खुरापासून मांडीपर्यंत खांबासारखा सुजला, कातडी ताणून चकाकू लागली, घोडा पाय टेकेनासा झाला आणि अंगात ज्वर भरला, तर कातडीखाली अथवा लसिकावाहिन्यांत जंतुसंसर्ग झाला आहे. याचा उगम पुष्कळदा क्षुल्लक असतो. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत जशा चिखल्या होतात, तशाच भेगा सतत ओल्या राहणाऱ्या घोड्याच्या खुरामागच्या खळगीत पडतात, त्यांवर खपल्या धरतात, आणि त्या खपल्यांखालून जंतू आत शिरतात. तीन-चार महिने अंगण न वाळणाऱ्या आमच्या प्रांतात घोडा ठेवणाऱ्याने ही जागा रोज पाहावी, खपल्या ओरबाडू नयेत, पाय धुतल्यावर तो कोरडा केल्यावाचून घोडा बांधू नये. याच दुखण्याचा दुसरा एक उगम चंदीत आहे. आठवडाभर कसून राबलेला घोडा एक दिवस ठाणावर उभा राहिला आणि त्या दिवशीही कामाच्या दिवसाचीच भरपूर चंदी त्याला घातली, तर दुसऱ्या सकाळी पाय सुजलेला आढळावा, हे जुन्या काळच्या मोतद्दारांना ठाऊक होते. म्हणून विश्रांतीच्या दिवशी दाणा कमी, गवत पोटभर आणि मोकळ्यावर संथ फिरवणे, हा त्यांचा नेम असे.

आणखी दोन दुखण्यांचा निर्देश केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. सर्रा नावाचा रोग घोडमाश्यांच्या चावण्यातून पसरतो; त्यात ज्वर येतो-जातो, घोडा खात असूनही वाळत जातो, आणि पाय व पोटाखालचा भाग सुजतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने डेरा इस्माइलखान येथे घोड्या-उंटांच्या रक्तात या रोगाचा सूक्ष्म जीव प्रथम पाहिला. तेव्हा ज्वर आणि कृशता यांच्या जोडीला येणारी पायांची सूज ही पायाची नसून रक्ताची तक्रार असू शकते. दुसरे दुखणे ग्लँडर्स. त्याच्या एका प्रकारात मागच्या पायाच्या आतल्या बाजूने दोरीसारख्या फुगलेल्या लसिकावाहिन्यांवर ओळीने गाठी उठतात, त्या फुटतात आणि तेलकट पू वाहू लागतो. हा रोग माणसालाही होतो आणि पुष्कळदा प्राणघातक ठरतो. इंग्रज सरकारने १८९९ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला होता, आणि आजही त्याची वर्दी शासनाला देणे बंधनकारक आहे. अशा गाठी दिसताच घोडा वेगळा बांधावा, त्या फोडू नयेत, उघड्या हाताने हाताळू नयेत, आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत दूरदूरच्या प्रांतांतून घोडे एकत्र येतात. तेथून घोडा घेऊन येणाऱ्याने त्याच्या दातांइतकेच त्याच्या मागच्या पायांकडेही आतल्या बाजूने पाहावे.

पाय वाचण्याची रीत फार साधी आहे. सकाळी, काम सुरू होण्यापूर्वी आणि ऊन अंगावर येण्यापूर्वी, घोड्याच्या खांद्याशी त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहावे. एक हात त्याच्या अंगावर ठेवून त्याला आपली जाणीव द्यावी. दुसरा तळहात गुडघ्यापासून सावकाश खाली उतरवीत न्यावा, नळीच्या मागच्या कंडरा अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये धरून चाचपाव्यात, नंतर पाय उचलून, भार नसताना त्याच कंडरा पुन्हा चाचपाव्यात. उष्णता ओळखण्यास हाताची मागची बाजू अधिक चांगली. सूज असेल तेथे बोटाने क्षणभर दाबून पाहावे. खळगा पडून तसाच राहिला तर आत पाणी आहे. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही कडांना नाडी लागते. निरोगी पायात ती शोधावी लागते, आणि खुरात दाह झाला असेल तर ती बोटाखाली ठणठण उडते. हे सगळे एका पायावर करून झाले की समोरच्या जोडीच्या पायावरही करावे, कारण घोड्याच्या निरोगी पायाचे सर्वांत विश्वसनीय माप त्याच घोड्याचा दुसरा पाय हे आहे. चारही पायांना मिळून पाच मिनिटे लागतात. खरारा करताना हात खाली जातोच. तो थोडा सावकाश जावा, इतकेच.

गेल्या वैशाखात आमच्याच भागातील एका लग्नात हे प्रत्यक्ष पाहण्याचा प्रसंग आला. घाटावरून टेंपोने आणलेली पांढरी घोडी मांडवाबाहेर झूल घालून उभी होती, आणि उजवा मागचा पाय ती वारंवार टोकावर टेकवून उचलीत होती. मी मोतद्दाराला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काका, टेंपोत उभं राहून सुजलंय, चाललं की उतरतंय बघा." त्याच्या म्हणण्यात अर्धे तथ्य होते, टेंपोत उभे राहून पाय सुजतो हे खरे, पण तो दोन्ही बाजूंनी सुजतो. डावा पाय थंड आणि सुबक होता. उजवा खुरावरच्या सांध्याभोवती भरलेला, ऊन, आणि सांध्याच्या बाहेरच्या अंगाला, केसांत लपलेले, मोहरीएवढे ओले छिद्र. दाबू गेलो तशी घोडी मागे सरली. यजमान वयाने वडील, सज्जन गृहस्थ, तेही काकुळतीने म्हणाले, "बाबानू, माणसा वाट बघतत, पायाचा उद्या बघूया." सांध्याजवळ टोचून झालेल्या जखमेला मात्र उद्या नसतो. तार किंवा काटा सांध्याच्या पोकळीपर्यंत गेला असेल, तर आत शिरलेले जंतू काही तासांत तो सांधा नासवू लागतात, आणि एक-दोन दिवसांनी कितीही औषधे दिली तरी घोडा जन्माचा लंगडा होतो. नवरदेव अखेर पायी मांडवात गेला, लग्न मुहूर्तावर लागले, आणि पशुवैद्यक रात्रीच येऊन सांधा धुऊन, धनुर्वाताची लस देऊन गेले. घोडी वाचली. मोतद्दाराच्या चेहऱ्यावर मात्र संध्याकाळभर जी चिंता होती ती घोडीच्या पायाची जितकी, तितकीच भाड्याच्या पैशांची होती, आणि तिच्यासाठी त्याला दोष देण्याचे धैर्य मला झाले नाही.

पशुवैद्यक येईपर्यंत घोडेवाल्याने काय करावे, यासंबंधी आपल्याकडे अज्ञानापेक्षा अतिउत्साहाने अधिक हानी होते. प्रथम काम थांबवावे, खोगीर उतरवावे, आणि घोडा कोरड्या, सपाट जागी उभा करावा. त्याचा ज्वर मोजावा. निरोगी घोड्याचे तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सियसच्या दरम्यान असते, आणि साधा तापमापक गुदद्वारात धरून ते कोणालाही पाहता येते. खूर उचलून तळ नीट पाहावा, कारण खुरात रुतलेला खिळा किंवा आत भरलेला पू याची सूज पुष्कळदा वर, सांध्यापाशी प्रकट होते. रुतलेला खिळा शक्य तर वैद्यक येईपर्यंत तसाच राहू द्यावा, म्हणजे तो कोणत्या दिशेने आणि किती खोल गेला हे त्यांना कळेल. नव्या, ऊन सुजेवर थंड पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे धरावी आणि दिवसातून तीन-चार वेळा हा क्रम पहिले दोन-तीन दिवस चालवावा. विहिरीचे पाणी याला पुरेसे आहे. जखम उघडी असेल तर ती स्वच्छ पाण्याने अथवा मिठाच्या सौम्य पाण्याने धुवावी, हळद, राख, चुना, ग्रीस यांपैकी काहीही तीत भरू नये. पट्टी बांधावयाची तर आधी कापसाचा जाड, सारखा थर आणि मग पट्टी. नुसती चिंधी करकचून आवळली तर कंडरेला जी इजा अपघाताने झाली नव्हती ती पट्टीने होते. ताज्या सुजेवर तेल लावून चोळणे, शेक देणे, घोड्याला फिरवून सूज उतरविण्याचा हट्ट धरणे, हे सर्व टाळावे. पाय अकस्मात वेडावाकडा दिसू लागला, किंवा घोडा त्यावर अजिबात भार देत नसेल, तर हाड मोडल्याचा संशय धरून त्याला एक पाऊलही चालवू नये.

डागण्याच्या प्रथेविषयी मात्र मला अधिक कठोरपणे लिहिणे भाग आहे. तापविलेल्या लोखंडाने सुजलेल्या कंडरेवर रेघा ओढल्या म्हणजे पाय बळकट होतो, ही समजूत केवळ आपल्या खेड्यांतली नव्हे. युरोपातील पागांतही ती शतकानुशतके होती, आणि तिचा पाठपुरावा पदवीधर वैद्यकांनीही केला. १९८३ साली इंग्लंडातील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले, की डागल्याने कंडरा लवकर किंवा अधिक चांगली सांधत नाही. डागलेल्या घोड्याला जो गुण येतो तो डागणीनंतर सक्तीने मिळालेल्या दीर्घ विश्रांतीचा. विश्रांती द्यावयाचीच आहे तर ती पाय न भाजता द्यावी. वेदनाशामक सुयांचेही तसेच. औषधाच्या दुकानातून माणसासाठीची सुई आणून घोड्याला टोचावी, वेदना दबली की खोगीर चढवावे, हा प्रकार डागण्याहून कमी क्रूर नाही. वेदना दबलेली असते, तुटलेले तंतू तुटलेलेच असतात, आणि घोडा निश्चिंतपणे त्यावर भार टाकून उरलेले तोडतो. डायक्लोफेनॅक या औषधाचा जनावरांसाठीचा वापर तर २००६ साली भारतात बंद करण्यात आला, कारण ते टोचलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मरत होती. कोकणच्या कड्यांवरून दिसेनाशी झालेली गिधाडे ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

आता कायद्याकडे वळू. १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा कायदा आजारी, जखमी अथवा असमर्थ जनावराला कामाला लावणे हा अपराध मानतो. त्याखालील १९६५ चे नियम सांगतात, की ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावराला दिवसातून एकूण नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक राबवू नये, तापमान सदतीस अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात राबवू नये, आणि तट्टाच्या पाठीवर सत्तर किलोंपेक्षा अधिक ओझे लादू नये. नियम चांगले आहेत; पण सुजलेला पाय पाहणारा माणूस ते नेमीत नाहीत, आणि पाहणाऱ्याने घोडा थांबविला तर त्या दिवशी घोडेवाल्याच्या घरी चूल कशावर पेटेल, हेही सांगत नाहीत. कायदा केवळ मनाई करतो आणि तजवीज करीत नाही, तेव्हा त्याची परिणती कशात होते हे मुंबईने पाहिले आहे. घोड्यांची दुरवस्था वर्षानुवर्षे चालू राहिली, आणि २०१५ च्या जून महिन्यात उच्च न्यायालयाने केवळ मौजेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरवून वर्षभरात बंद करण्याचा हुकूम दिला. तो हुकूम मला न्याय्य वाटतो. परंतु वेळच्या वेळी तपासणी व विश्रांतीचा बंदोबस्त झाला असता तर घोडेही सुखी राहिले असते आणि घोडेवाल्यांची घरेही उघडी पडली नसती, असेही वाटल्यावाचून राहत नाही. माथेरानच्या घोडेवाल्यांनी रस्त्यांवर बसविलेल्या फरसबंदीच्या ठोकळ्यांवरून घोडे घसरतात म्हणून हरकत घेतली, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतचे ठोकळे राहू देऊन अंतर्गत रस्त्यांवर ते घालण्यास मनाई केली. घोड्याच्या पायाखाली काय असावे याचा विचार देशाचे सर्वोच्च न्यायासन करू शकते, तर घोड्याचा पाय रोज सकाळी कोणी पाहावा याचा विचार एका नगरपरिषदेला जड जाऊ नये.

या विचाराची परंपरा आपल्याकडे नवी नाही. शिवछत्रपतींच्या पागेची रचना सभासदाने आपल्या बखरीत नोंदविली आहे. तीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद तैनात असे. पाणी आणणारा व खूर पाहणारा अशी दोन माणसे सरकारी खर्चाने दर पंचवीस घोड्यांमागे नेमणारे राज्य घोड्याचा पाय हा बारगिराचा खाजगी प्रश्न मानीत नव्हते, हे उघड आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागात पावसाळ्यासाठी छावणीला राहिलेल्या फौजेच्या अंमलदारांना महाराजांनी पाठविलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. रयतेच्या काडीलाही हात लावू नये ही त्याची बाजू आपण वारंवार सांगतो, पण त्याच पत्रात साठविलेली दाणा-वैरण आधीच उधळली आणि भर पावसात घोडी उपाशी मेली, तर ती तुम्हीच मारली असे होईल, अशी जी ताकीद आहे तिच्याकडे आपले तितके लक्ष जात नाही. घोडा मेला तर तो नशिबाने मेला असे म्हणण्याची सवलत त्या पत्राने अंमलदाराला ठेवली नाही. भीमथडीच्या ज्या तट्टांवर मराठ्यांची फौज हिंदुस्थानभर फिरली, त्या जातीची स्वतंत्र नोंद अलीकडे केंद्रीय दप्तरात झाली, याचा आनंद आपण करतो. तो रास्त आहे, पण त्या तट्टांच्या पायांची काळजी वाहण्याची ती परंपराही आपण पुढे चालवावयास हवी.

माझी सूचना मर्यादित आहे. जेथे घोड्यांना परवाने दिले जातात, तेथे त्या त्या नगरपरिषदेने सकाळी कामाच्या आरंभी घोड्यांचे पाय पाहण्यासाठी एक जाणता मनुष्य नेमावा. तो पदवीधरच हवा असे नाही, आयुष्य घोड्यांत गेलेला एखादा वृद्ध मोतद्दार अथवा नालबंद यासाठी अधिक योग्य ठरेल, मात्र त्याने थांबविलेला घोडा त्या दिवशी कोणी चालवू नये इतका अधिकार त्याला असावा. पर्यटकांकडून जो प्रवेशकर घेतला जातो त्यातील एक लहानसा भाग बाजूला ठेवून, थांबविलेल्या घोड्याची चंदी-वैरण आणि त्याच्या मालकाचा ठरावीक रोज त्यातून द्यावा. यात लबाडी होईल अशी शंका घेणाऱ्यांना मी इतकेच सांगेन, की ऊन आणि थंड पाय यांतला भेद हाताला कळतो, आणि कंडरेचा फुगवटा कोणाला सोंगाने आणता येत नाही. पशुसंवर्धन खात्याने १९६२ या क्रमांकावर हाक मारली असता फिरते पथक पाठविण्याची सोय केली आहे, ती स्तुत्य आहे. परंतु आमच्या सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात पशुवैद्यकांचा दिवस गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्रे यांतच सरतो, घोडा त्यांच्या हाताखाली क्वचित येतो, म्हणून १८८६ पासून चालत आलेल्या मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयात अशा तालुक्यांतील वैद्यकांसाठी घोड्याच्या पायांपुरता एखादा अल्प मुदतीचा वर्ग दरवर्षी भरावा.

लग्नासाठी घोडा ठरविणाऱ्या यजमानांकडून तर कोणत्याही शासकीय ठरावाची वाट न पाहता एक गोष्ट व्हावी. विसार देतानाच बोलणी अशी करावीत, की घोडा दारात आल्यावर त्याचा पाय सुजलेला आढळला आणि मोतद्दाराने तो आपण होऊन दाखविला, तर वरात पायी निघेल, विसार परत मागितला जाणार नाही, आणि त्या रात्रीची घोड्याची वैरण व पशुवैद्यकाचा खर्च यजमानाकडे राहील. मांडव, वाजंत्री आणि फटाके यांवर आज आमच्या गावांत जो खर्च होतो, त्याच्या हिशेबात ही रक्कम वेगळ्या ओळीत लिहावी लागेल इतकीही भरणार नाही.